तुरटीचा खडा आणि सात वह्या

दिवाळीच्या सुटीत सहावीतल्या माझ्या नातीने स्वयंपाकघराच्या कोनाड्यात काचेची एक बरणी मांडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तरातील सातही वह्या माझ्यापुढे पसरून, ‘आजोबा, ह्याची नोंद मी कोणत्या वहीत करू?’ असे विचारले, तेव्हा त्या प्रश्नाचा निकाल लागण्यास दोन महिने जातील अशी यत्किंचितही कल्पना मला नव्हती. बरणीत होती पाण्यात विरघळवलेली तुरटी. पावसाळ्यातले गढूळ पाणी निवळावे म्हणून आपल्या घरोघरी हंड्यात फिरवली जाते तीच.

कृती अगदी साधी आहे. पेलाभर कढत पाण्यात विरघळेल तितकी तुरटीची पूड घालावी, ते पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून रात्रभर निवू द्यावे, सकाळी तळाशी जमलेल्या बारीक खड्यांतून सर्वांत निर्मळ आणि रेखीव असा एक निवडावा आणि तो नायलॉनच्या दोऱ्याला बांधून, बरणीच्या तोंडावर आडव्या ठेवलेल्या पेन्सिलीच्या आधाराने, वरच्या नितळ द्रावात अधांतरी सोडावा. हे घडते ते एका लहानशा गुणधर्मामुळे: १०० मिलिलिटर पाण्यात ५० अंश सेल्सिअसला सुमारे ३६ ग्रॅम तुरटी सामावते, तर २० अंशांना जेमतेम १२ ते १४ ग्रॅम, पाणी निवू लागले की हा अधिकचा ऐवज त्याला सांभाळता येत नाही आणि तो स्फटिकरूपाने बाहेर पडतो.

पहिला प्रयत्न मात्र फसला. खडा वेगाने वाढावा ह्या उत्साहाने मुलीने नवा द्राव केला आणि तो कोमट असतानाच त्यात दोरा सोडला. संध्याकाळी पाहते तो दोऱ्याला नुसती गाठ उरलेली, खडा नाहीसा झालेला. ती रडवेली झाली, पण त्या रिकाम्या गाठीने तिला जे शिकवले ते पाठ्यपुस्तकातील संतृप्त द्रावणाच्या व्याख्येने शिकवले नव्हते: कोमट पाण्याची भूक अजून भागलेली नव्हती, म्हणून त्याने तिचा खडाच गिळला. विज्ञानाच्या वहीत पहिली नोंद झाली ती ह्या नुकसानीची.

दुसरा खडा टिकला आणि वाढू लागला. त्याला आकार आला तो दोन चौरस मनोरे तळाशी तळ लावून जोडावेत तसा, म्हणजे अष्टफलकाचा. आठ पृष्ठे, बारा कडा, सहा शिरोबिंदू. पृष्ठे आणि शिरोबिंदू ह्यांच्या बेरजेतून कडा वजा केल्या तर दोन उरतात, हे तिने बोटांवर मोजले. घनाला आणि इतर बहिर्वक्र घनाकृतींना हाच नियम लागतो, हे अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने मांडले होते. मग पुठ्ठ्याची खाच कापून तिने लगतच्या दोन पृष्ठांमधील कोन ताडून पाहिला. तो सुमारे साडेएकशे नऊ अंशांचा भरला. तळाशी पडलेल्या मुगाएवढ्या खड्यालाही तीच खाच चपखल बसली, तेव्हा तिने आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. हेच आश्चर्य १६६९ साली निकोलस स्टेनो ह्या डॅनिश वैद्याने गारेच्या स्फटिकांविषयी नोंदवले होते: आकारमान कितीही बदलो, पृष्ठांमधील कोन बदलत नाहीत. आत काहीतरी नियमबद्ध रचना असली पाहिजे, हा त्यावरून निघणारा तर्क. त्याची प्रत्यक्ष साक्ष मिळण्यास मात्र १९१२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी माक्स फॉन लाउए ह्यांच्या सूचनेवरून स्फटिकांतून क्ष-किरण सोडण्यात आले, पलीकडच्या छायाचित्रणाच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली, आणि त्या ठिपक्यांवरून अणूंची मांडणी वाचण्याची विद्या ब्रॅग पितापुत्रांनी उभी केली. १९१५ चे नोबेल पारितोषिक पित्यासमवेत मिळाले तेव्हा पुत्र लॉरेन्स अवघा २५ वर्षांचा होता.

गणिताची वही भरली ती सोनाराच्या काट्यावर. खड्याची कड एक सेंटिमीटर होती तेव्हा वजन एका ग्रॅमहूनही कमी होते. कड दोन सेंटिमीटर झाली तेव्हा ते साडेसहा ग्रॅमांवर गेले. कड दुप्पट, वजन आठपट! उरलेल्या चुऱ्यातील २० ग्रॅम तुरटी तव्यावर फुलवून तिची लाही केली, ती भरली ११ ग्रॅमांच्या आसपास. हाताला कोरडा लागणारा हा खडा वजनाने शेकडा ४५ पाणीच असतो, हे त्या दिवशी तिला कळले.

ह्यानंतर उरलेल्या वह्यांनीही आपापला हक्क सांगितला. मराठीने ह्या पदार्थाला चवीवरून तुरटी म्हटले, तर हिंदीतील फिटकरीचा संबंध रूपावरून ‘स्फटिक’ ह्या शब्दाशी जोडला जातो. एकाच खड्याची एका भाषेने जीभ जपली, दुसरीने डोळा. मंजिष्ठेचा तांबडा रंग सुती कापडावर पक्का बसतो तो तुरटीसारख्या रंगबंधकामुळे, आणि मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेला सुती वस्त्राचा तुकडा मंजिष्ठेनेच रंगवलेला होता; इतिहासाला एवढे पुरे होते. भूगोल तर पायाखालीच होता: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने घडलेल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, खनिजे विरघळवलेले ऊन पाणी त्यांत पाझरले आणि जळगाव, नाशिक, पुणे ह्या भागांतील खाणींत सापडणारे झिओलाइटचे देखणे स्फटिक तेथे आकाराला आले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहताना मुलगी म्हणाली, ‘म्हणजे ही डोंगराची बरणी!’

शाळेचे वेळापत्रक ही कारभाराची सोय आहे, आणि सोय म्हणून तिचा मान राखलाच पाहिजे. परंतु महसुलासाठी मुक्रर केलेली तालुक्याची सरहद्द जशी नदीला ठाऊक नसते, तशी तासिकांची हद्द वस्तूला ठाऊक नसते. एका विषयाने दिलेली जबानी दुसऱ्या विषयाने तपासून घ्यावी, ह्यातच विषय अनेक असण्याचे खरे प्रयोजन आहे, असे मला मनापासून वाटते: भूमितीने आठपट सांगितले ते काट्याने कबूल केले, स्टेनोच्या कोनाला क्ष-किरणांनी दाखला दिला. ज्या मुलाला ही उलटतपासणी स्वतःच्या हाताने एकदा तरी करता आली, ते पुढे कोणतेही विधान केवळ छापलेले आहे म्हणून मान्य करणार नाही.

दोन महिन्यांनी सात वह्यांत विखुरलेल्या नोंदी मुलीने एका कोऱ्या वहीत तारीखवार उतरवल्या, रिकाम्या गाठीची नोंद सर्वांत आधी. मुखपृष्ठावरील चिठ्ठीवर तिने नाव लिहिले, इयत्ता लिहिली आणि ‘विषय’ ह्या शब्दापुढे, मला काहीही न विचारता, ठळक अक्षरांत लिहिले: तुरटी.