बैठकीतला समुद्र आणि तीन आठवड्यांची भारतवारी

नोव्हेंबर सरत आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत सुटकेसींचे वजन करण्यास प्रारंभ होतो. शेजाऱ्याकडे किल्ली सोपवली जाते, टपाल थांबवले जाते, तुळशीची कुंडी एखाद्या मैत्रिणीच्या घरी पोचती होते. ज्या घराच्या बैठकीत सागरी प्रवाळांचे मत्स्यालय आहे, तेथे मात्र एक प्रश्न अखेरपर्यंत सुटत नाही. तुळस हलवता येते. अडीचशे लिटर खारे पाणी, त्यातले खडक आणि त्यांवर वाढलेले प्रवाळ हलवता येत नाहीत. हा छंद सोडून देणाऱ्यांपैकी अनेकांच्या कहाणीत एक लांबचा प्रवास असतो. घरी परतल्यावर दार उघडताच आलेला कुबट वास आणि पांढरे पडलेले सांगाडे पाहिले की पुन्हा टाकी भरण्याचे धैर्य सहसा उरत नाही.

प्रवाळ इतके नाजूक का, याचे उत्तर त्यांच्या घडणीत आहे. प्रवाळ हा प्राणी. पण त्याच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल वस्ती करून असते आणि प्रकाशसंश्लेषणातून मिळणाऱ्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देते. पाणी फार तापले, त्याची घडण एकाएकी बदलली, की हे सहजीवन मोडते. शैवाल बाहेर टाकले जाते, प्रवाळ पांढरा पडतो आणि उपासमारीने मरू शकतो. खुल्या समुद्रात पाण्याचे प्रमाण अफाट असल्यामुळे बदल संथ असतात. घरातल्या टाकीत तेच बदल तासांत घडतात. म्हणून या छंदातली बहुतेक उपकरणे वस्तुतः एकच काम करतात: पाणी काल होते तसेच आज ठेवणे. मालक घरी असताना हे काम अर्धेअधिक त्याची नजर करते. मालक निघाला की ती नजर जाते, आणि तिची जागा कशाने भरून काढायची हाच तयारीचा गाभा असतो.

पहिला धोका सर्वांत साधा आहे. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. प्रवाळांसाठी खारेपणा दर हजारी ३५ भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, असा राखला जातो. ज्या टाकीत प्रत्यक्ष २५० लिटर पाणी आहे आणि रोज ४ लिटर उडते, तिच्यात पाच दिवस भर घातली नाही तर खारेपणा ३८ वर जातो. हिवाळ्यात घरातली हवा हीटिंगमुळे कोरडी झालेली असते आणि बाष्पीभवन वाढते. तेव्हा उन्हाळ्यात मोजलेला आकडा डिसेंबरच्या प्रवासासाठी धरून चालू नये. भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे, ही गोष्ट अनुभवी माणसाला सांगावी लागत नाही. पण टाकी सांभाळायला येणाऱ्या मित्राला ती मोठ्या अक्षरांत लिहून द्यावीच लागते.

पातळी खाली गेली की आपोआप भर घालणारा पंप बहुतेकांकडे असतो. प्रवासाआधी त्याच्या शेजारी शंभर लिटरचे पिंप ठेवून निश्चिंत होण्याचा मोह होतो, आणि तेथेच चूक होते. पातळी जोखणाऱ्या तरंगत्या स्विचवर एखादी गोगलगाय बसली, किंवा मिठाचा थर जमून तो अडकला, तर पंप थांबत नाही. पूर्ण पिंप टाकीत रिकामे होते, पाणी जमिनीवर वाहते आणि उरलेले पाणी इतके अळणी होते की प्रवाळ व निःपृष्ठवंशी प्राणी तगत नाहीत. त्याऐवजी २० लिटरचा कॅन जोडावा. तो सगळाच्या सगळा टाकीत उतरला तरी खारेपणा ३५ वरून सुमारे ३२.४ पर्यंत उतरेल. हे वाईट खरे, पण भरून काढता येण्याजोगे. खालच्या संपमध्ये तेवढी जागा रिकामी आहे की नाही, हे मात्र आधी मोजून घ्यावे. असे पाच कॅन आरओ-डीआय पाण्याने भरून, झाकणे लावून, ओळीने मांडून ठेवले की एकवीस दिवसांचे ८४ लिटर सहज भागतात आणि मित्राला दर चौथ्या दिवशी येऊन कॅन बदलणे एवढेच काम उरते. छोटा कॅन आणि चार दिवसांनी येणारा माणूस, ही जोडी मोठ्या पिंपापेक्षा केव्हाही भरवशाची. नळाचे पाणी कोणत्याही परिस्थितीत नको. अमेरिकेतल्या अनेक शहरांत ते क्लोरामाइनने निर्जंतुक केलेले असते, आणि जुन्या घरांच्या नळांतून येणारे तांबे कोळंबी व गोगलगाईंना अल्प प्रमाणातही घातक ठरते.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. कठीण सांगाड्याचे प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत उचलत असतात. त्यांची भूक मोजण्याची रीत सोपी आहे: दोन दिवस काहीही न घालता पहिल्या व तिसऱ्या दिवशी एकाच वेळी अल्कलिनिटी मोजावी. ती ८.६ वरून ८.० डीकेएचवर आली, तर रोजचा खप ०.३ झाला. एकवीस दिवसांत तो ६.३ होतो, म्हणजे भर घातली नाही तर साठा जवळजवळ संपतो. पातळी घसरू लागली की प्रवाळांची वाढ मंदावते आणि खपही उतरतो हे खरे, पण ते मंदावणे म्हणजेच त्यांची हानी. कॅल्शियमचे गणित मात्र निराळे आहे. तेवढ्याच वाढीसाठी ते सुमारे ४५ पीपीएम खर्च होते. ४३० वरून ३८५ वर आले तरी आभाळ कोसळत नाही. म्हणूनच दोन्हींपैकी काळजी करायची ती अल्कलिनिटीची. ॲक्रोपोरासारखे प्रवाळ ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्यासाठी डोसिंग पंप ही चैन नव्हे. निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे तो चालवून, मोजपात्रात त्याचे मिलिलिटर प्रत्यक्ष मोजून घ्यावेत. बाटल्यांत एकवीस नव्हे, तीस दिवसांचे द्रावण असावे, कारण विमाने चुकतात. अल्कलिनिटीचे आणि कॅल्शियमचे द्रावण एकाच वेळी, एकाच जागी पडू देऊ नये. दोन्ही एकत्र येऊन चुन्याचा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. ज्यांच्या टाकीत केवळ मऊ प्रवाळ आहेत, त्यांना यातले फारसे काही लागत नाही. जे वर्षातून दोनदा महिनाभर बाहेर असतात त्यांनी मऊ प्रवाळांवरच समाधान मानावे, हे म्हणणे रुचणारे नसले तरी व्यवहार्य आहे.

आता उष्णता. टाकीचे तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस ठेवले जाते. वीज वाचवण्यासाठी निघताना घराचा थर्मोस्टॅट ५५ फॅरेनहाइटवर, म्हणजे जेमतेम १३ अंशांवर ठेवण्याची पद्धत आहे. वीस अंशांच्या खोलीला पुरणारा हीटर तेथे दमतो, आणि टाकी रात्रीगणिक थंड होत जाते. प्रवाळांच्या घरात थर्मोस्टॅट ६८ च्या खाली नेऊ नये. जूनच्या प्रवासात हेच उलट घडते: एसी बंद, खिडक्या बंद, दिव्यांची आणि पंपांची उष्णता आत, आणि पाणी तिशी ओलांडते. हीटर स्वतःही बेभरवशाचा असतो. त्याचा आतला स्विच बंद पडण्याऐवजी चालूच राहून अडकण्याची शक्यता असते. ३०० वॅटच्या एका हीटरऐवजी १५० वॅटचे दोन असावेत आणि दोन्हींच्या वर वेगळा तापमान नियंत्रक असावा. एक अडकला तरी त्याच्यात एकट्याने टाकी झपाट्याने तापवण्याइतकी शक्ती नसते, आणि एक बंद पडला तरी दुसरा बरेचसे सावरून धरतो.

वीज जाण्याचा विचार अमेरिकेत राहणारे सहसा करीत नाहीत; भारनियमनात वाढलेल्या पिढीलाही त्याचा येथे विसर पडतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या हिमवादळात लक्षावधी घरांची वीज गेली, आणि काही ठिकाणी ती कित्येक दिवस आली नाही. अशा वेळी सर्वप्रथम संपतो तो प्राणवायू. पाणी हलेनासे झाले की माशांनी भरलेल्या टाकीत काही तासांतच घुसमट सुरू होते. त्यानंतर तापमान, आणि सर्वांत शेवटी प्रकाश. तीन-चार दिवसांच्या अंधाराने निरोगी प्रवाळ मरत नाहीत. तेव्हा खर्च करायचा तो बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या किंवा प्रवाहाच्या पंपावर. सर्व उपकरणे एकाच जीएफसीआय सॉकेटवर असतील तर खाऱ्या पाण्याच्या एका थेंबाने तो ट्रिप होतो आणि घरात इतरत्र दिवे चालू असतानाही टाकी मृतवत होते. एक हीटर व एक प्रवाह-पंप एका सर्किटवर, दुसरी जोडी दुसऱ्यावर, अशी विभागणी प्रवासाआधी अवश्य करावी.

यंत्रांपेक्षा कठीण विषय माणसाचा. टाकी सांभाळायला येणारा बहुधा मराठी मंडळातला एखादा स्नेही असतो, मनाने प्रेमळ, आणि मासे काचेजवळ येऊन तोंड उघडू लागले की त्याला ते उपाशी वाटतात. तो चिमूटभर खाद्य टाकतो, मग आणखी एक. ‘अतिथी देवो भव’ हे तत्त्व येथे अमोनियाच्या रूपाने फळते. न खाल्लेले खाद्य कुजून प्राणवायू खाते, जीवाणूंना न पेलणारा अमोनिया निर्माण करते आणि पुढे नायट्रेट व फॉस्फेट वाढवते. उपाय घराघरात आहे: आजी-आजोबांच्या गोळ्यांसाठी मिळणारी सात खणांची डबी. अशा तीन डब्यांत दिवसाआड मोजके खाद्य भरून ठेवावे आणि उरलेले डबे कपाटात कुलूपबंद करावेत. धडधाकट प्रौढ क्लाउनफिशला दिवसाआडचे जेवण पुरते.

त्या स्नेह्याला करायच्या गोष्टींची यादी अर्ध्या पानाची असावी, न करायच्या गोष्टींची त्याहून ठळक. काच घासू नये, खडक हलवू नये, काही मेलेले दिसले तर छायाचित्र पाठवून मग जाळीने काढावे. झोअँथिड जातीचे बटणासारखे रंगीत प्रवाळ टाकीत असतील तर त्यांना हात लावू नये, हे कारणासह सांगावे: त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते, आणि असे खडक उकळताना किंवा घासताना उडालेल्या वाफेने व तुषारांनी संपूर्ण कुटुंबे रुग्णालयात गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. स्वतः मालकानेही हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्यांना कापू नये. पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ वाजलेले असताना हिवाळ्यात पुण्यात सकाळचे साडेसात झालेले असतात. मित्र संध्याकाळी येणार असेल तर दूरध्वनी उचलला जाण्याची ही वेळ दोघांनाही सोयीची.

हे सर्व कागदावर ठीक दिसते. ते चालते का हे कळण्यासाठी रंगीत तालीम हवी. निघण्याच्या महिनाभर आधी आठ दिवस मालकाने टाकीला हात लावू नये आणि सर्व कामे स्नेह्याकडूनच करवून घ्यावीत. कोणता कॅन जड पडतो, कोणता पंप आवाज करतो, कोणती सूचना अर्धवट आहे, हे तेव्हाच उघड होते. त्याच महिन्यापासून नवा मासा, नवा प्रवाळ, नवे उपकरण, सारे बंद. सागरी माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग नव्या माशाबरोबर येतो, आणि तांब्याचे औषध प्रवाळांच्या टाकीत घालता येत नाही. थँक्सगिव्हिंगच्या सवलतीत घेतलेला प्रवाळ, दुकानदार तो तोवर ठेवून घेण्यास तयार असेल तर, जानेवारीत परतल्यावर टाकीत सोडला तरी चालेल. प्रोटीन स्किमर थोडा कोरडा चालेल असा लावावा, म्हणजे त्याचा पेला मध्येच ओसंडणार नाही. पंप सायट्रिक आम्लाच्या द्रावणात धुऊन घ्यावेत. पाण्याची मोठी अदलाबदल निघण्याच्या आदल्या रात्री करू नये. ती आठवडाभर आधी.

भारतात पोचल्यावर कोकणची फेरी ठरलेली असेल, तर एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, आणि विजयदुर्गापासून पश्चिमेला खोल समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवरही ते आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश आहे. किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडाही आठवण म्हणून सुटकेसमध्ये टाकता येत नाही. कायमचे परतण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबांनाही याच कायद्यामुळे, आणि सायटीस करारामुळे, टाकीतले प्रवाळ बरोबर नेता येत नाहीत. ते येथेच एखाद्या स्थानिक छंदमंडळाला वेळेवर सोपवावे लागतात.

परत आल्यावर पहाटे तीन वाजता जाग येतेच. ती वेळ टाकीपुढे बसण्यास उत्तम, पण हात पाण्यात घालण्यास नव्हे. आधी खारेपणा मोजावा, मग तापमान, मग अल्कलिनिटी. खारेपणा बिघडलेला असेल तर दिवसाला एका भागाहून अधिक दुरुस्ती करू नये. अल्कलिनिटीही दिवसाला एका डीकेएचहून अधिक वाढवू नये. तीन आठवड्यांत हळूहळू ३७ वर गेलेल्या पाण्याला प्रवाळ बऱ्याच अंशी सरावलेले असतात, आणि झोपेच्या धुंदीत ते एका तासात ३५ वर आणणारा मालक प्रवासात टळलेली हानी स्वतःच्या हाताने घडवतो. काचेवर शैवाल चढलेले असेल. ते दुसऱ्या दिवशी घासले तरी चालते. माशांची मोजदाद मात्र त्याच पहाटे करावी, कारण एखादा खडकामागे मरून पडला असेल तर तो शोधण्यास आधीच उशीर झालेला असतो.