बांबूचं फडकं आणि न मरणारे जंतू

"वहिनी, हे बांबूचं आहे. ह्यात जंतू होतच नाहीत. नुसतं पिळून नळावर टाकायचं." दिवाळीला नणंदेनं वीस फडक्यांचा रोल हातात ठेवला, तेव्हा मी काही बोलले नाही. पण नंतर हेच मी शेजारणीकडून ऐकलं, सोसायटीच्या ग्रुपवर वाचलं, प्रदर्शनातल्या विक्रेत्याकडून ऐकलं. आता गप्प बसवत नाही. या सांगण्यात दोन चुका आहेत आणि दुसरी घरातल्यांचं पोट बिघडवू शकते.

आधी पहिली. बुरूड बांबू चिरतो, कामट्या काढतो आणि त्यांची सुपं-टोपल्या विणतो. त्या सुपात बांबू असतो, डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. फडक्याचा धागा असा निघत नाही. त्यासाठी बांबूचा लगदा करतात, तो कॉस्टिक सोड्यात मुरवतात, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात. मग मधासारखं दाट द्रावण तयार होतं. ते बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या पाण्यात सोडलं की त्याचा धागा बनतो. या धाग्याचं नाव व्हिस्कोस, म्हणजेच रेयॉन. ही युक्ती १८९२ सालची आहे. आपल्या कल्याणजवळ शहाडला रेयॉनचा कारखाना कित्येक दशकं चालू आहे आणि तिथला धागा लाकडाच्या लगद्याचा असतो. लगदा निलगिरीचा घ्या, पाइनचा घ्या, नाहीतर बांबूचा. शेवटी हाती येतं ते सेल्युलोजच. बांबूत जंतूंना रोखणारं काही असलंच, तरी ते या रसायनांतून पार होऊन धाग्यापर्यंत पोचत नाही.

हे माझं मत नव्हे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००९ मध्ये रेयॉनला 'बांबू' म्हणून विकणाऱ्या आणि ते जंतुरोधक असल्याचं सांगणाऱ्या कंपन्यांवर कारवाई केली. २०१० मध्ये ७८ विक्रेत्यांना इशाऱ्याची पत्रं गेली. २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दोन बड्या दुकानसाखळ्यांनी याच कारणासाठी मिळून ५५ लाख डॉलर दंड भरायचं मान्य केलं. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असे शब्द पुराव्याशिवाय वापरायचे नाहीत, असं त्यांत सांगितलं आहे. तेव्हा दुकानात पुरावा मागायला संकोच करू नका.

व्हिस्कोस टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. ते पाणी चांगलं शोषतं आणि मातीत कुजतं. पण कार्बन डायसल्फाइड हे कामगारांच्या मज्जासंस्थेला आणि हृदयाला घातक रसायन आहे, आणि पाकिटावरच्या हिरव्या पानांतून ते कुणाला कळत नाही. शिवाय फडकं निव्वळ व्हिस्कोसचं असेलच असंही नाही. नणंदेच्या रोलचं वेष्टन मी उलटून पाहिलं. पुढे मोठ्या अक्षरात 'बांबू', मागे तळाशी बारीक अक्षरात 'व्हिस्कोस ७०, पॉलिएस्टर ३०'. मग दोन बोटं रुंद पट्टी कापली, चिमट्यात धरली आणि सिंकवर काडी लावली. कागद जळाल्यासारखा वास आला, करडी राख पडली. राख बोटानं पसरली तर त्यात मोहरीएवढे काळे, टणक मणी होते. सुती कापड जळलं की नुसती भुरभुरीत राख उरते. मणी हे वितळून गोठलेलं प्लॅस्टिक असतं.

आता दुसरी चूक, 'धुवायला नको' ही. मॉरिशस विद्यापीठातल्या संशोधकांनी महिनाभर वापरलेली स्वयंपाकघरातली शंभर फडकी तपासली आणि २०१८ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायोलॉजीच्या अधिवेशनात निष्कर्ष मांडले. ४९ फडक्यांवर जंतूंची वाढ सापडली. भांडी, हात, ओटा असं सगळं एकाच फडक्यानं पुसणाऱ्यांकडे आणि फडकं ओलं राहणाऱ्यांकडे जंतू जास्त होते. म्हणजे प्रश्न धाग्याच्या जातीचा नाही, ओलाव्याचा आहे. पिळून नळावर टाकलेलं फडकं घडीत ओलंच राहतं, त्याला अन्नाचे कण चिकटलेले असतात आणि स्वयंपाकघर गरम असतं. जंतूंना आणखी काय हवं?

आपल्या आज्यांनी या कापडांना वेगवेगळी नावं दिली होती. ओट्यावरचं मसोतं वेगळं, हातपुसणं वेगळं, लादीचं पोतेरं वेगळं, आणि पोतेरं ओट्याला लागलं तर घरात आरडाओरडा व्हायचा. तो सोवळ्याओवळ्याचा भाग म्हणून आपण सोडून दिला असेल, पण स्वच्छतेच्या दृष्टीनं तो नियम चोख होता. कच्चं मांस, मासळी किंवा अंडं पुसलेलं फडकं तर त्याच क्षणी धुवायला गेलं पाहिजे. पावसाळ्यात काही वाळत नाही, हे खरं. तेव्हा उकळत्या पाण्यातून काढायचं, पंख्याखाली पसरायचं आणि पूर्ण कोरडं करायला इस्त्री फिरवायची.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. मायक्रोफायबर शेकडो वेळा धुता येतं म्हणून ते पर्यावरणपूरक, हे अर्धसत्य आहे: ते पॉलिएस्टर आणि नायलॉनचं असतं आणि प्रत्येक धुण्यात प्लॅस्टिकचे तंतू पाण्यात सोडतं. स्पंज मायक्रोवेव्हमध्ये तापवला की निर्धास्त, हेही नाही. जर्मनीतल्या फुर्टवांगेन विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात नियमित निर्जंतुक केल्या जाणाऱ्या स्पंजांत जंतू कमी आढळले नाहीत. फॅब्रिक सॉफ्टनरनं फडकं मऊ होतं, पण धाग्यावर थर बसून पाणी शोषेनासं होतं. आणि नवंकोरं 'ऑरगॅनिक' सुती फडकं विकत आणणं म्हणजे पर्यावरणाची सेवा नव्हे. कापसाला पाणी लागतं, जमीन लागते. घरात जुनं धोतर, पंचा, सुती साडी, बनियन असेल तर त्याचीच फडकी फाडा. साडी सुती आहे की नाही याची शंका असेल तर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. सुती कापड तो लगेच पितं, सिंथेटिकवर तो मण्यासारखा बसून राहतो.

नणंदेचा रोल मी फेकला नाही. तयार झालेली वस्तू फेकून काय साधणार? रोज रात्री गरम साबणपाण्यातून काढते आणि गॅलरीतल्या दोरीवर पसरते. वीसपैकी सात फाटली, सगळी पिळताना. व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. सूत मात्र ओलं झाल्यावर उलट जास्त मजबूत होतं. त्या सातांच्या जागी आता सासूबाईंच्या जुन्या नऊवारीचे चौकोन आले आहेत, आणि नणंद परवा आली तेव्हा त्यातले चार घेऊन गेली.