टाचदुखीची हाक

पावसाळा ओसरून भातकापणी आटोपली की गोव्यातील मोकळी शेते फुटबॉलची मैदाने होतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये फातोर्डा येथे सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले, त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु ज्या वयात हा खेळ अंगात मुरतो, त्याच वयातील एका दुखण्याची आपल्याकडे उपेक्षा होते. ‘टाच दुखते’ असे मुलाने सांगितले की कोणी म्हणतो हे अभ्यासासारखेच खेळातले कामचुकारपण, तर कोणी घाबरून खेळच कायमचा बंद करतो. दोन्ही निर्णय चुकीचे आहेत, असे आमचे मत आहे.

साधारणतः आठ ते चौदा या वयात हे दुखणे आढळते. अमेरिकन अस्थितज्ज्ञ जेम्स सेव्हर यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. म्हणून त्यास सेव्हरचा रोग म्हणतात. वस्तुतः हा रोग नव्हेच. टाचेच्या हाडाच्या मागील बाजूस वाढीचा एक स्वतंत्र भाग असतो. वाढ पूर्ण होईपर्यंत तो मुख्य हाडाशी मऊ कूर्चेनेच सांधलेला असतो. पोटरीपासून उतरणारी घोडशीर नेमकी तेथेच येऊन चिकटते. मूल झपाट्याने उंच होऊ लागले की हाडे आधी लांबतात, स्नायू मागे राहतात. ताणलेली पोटरी प्रत्येक उडीसरशी त्या कोवळ्या जागेस खेचते. त्यात जमीन कठीण आणि बूट पातळ तळाचे असले, म्हणजे दुखणे ठरलेलेच.

ते ओळखणे अवघड नाही. खेळताना व खेळून आल्यावर मूल लंगडते, चवड्यांवर चालते. टाच दोन्ही बाजूंनी दाबली की कळवळते. उपायही साधे आहेत. काही आठवडे धावणे-उड्या कमी कराव्यात, टाचेखाली मऊ गादी घालावी, खेळानंतर कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेकावे, दुखणे उतरू लागले की पोटरी ताणण्याचा व्यायाम नित्य करावा. पोहणे बहुधा चालू ठेवता येते. वाढ पूर्ण झाली की हे दुखणे संपते, मागे व्यंग राहत नाही. मात्र रात्री झोपेत वेदना होणे, ताप, सूज वा लाली येणे, किंवा मार लागून पाऊल टेकता न येणे, ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको.

खरा प्रश्न याच्याही पुढचा आहे. तेच चपळ मूल सकाळी शाळेच्या संघात, सायंकाळी गावच्या क्लबात आणि रविवारी आणखी एखाद्या शिबिरात खेळते. प्रत्येक शिक्षक आपापला तास मोजतो. सर्वांची बेरीज कोणीच करीत नाही. ती बेरीज त्या टाचेस करावी लागते. ही जबाबदारी प्रथम पालकांची आहे. आठवड्यातील खेळाचे तास त्यांनी लिहून ठेवावेत आणि ते प्रशिक्षकांस दाखवावेत. प्रशिक्षकांनीही लंगडणाऱ्या मुलास, सामना कितीही महत्त्वाचा असो, बाहेर बसवावे आणि बरे झाल्यावर त्याची जागा त्यास परत द्यावी. जागा जाईल या भयानेच मुले दुखणे लपवितात. हे भय नाहीसे करणे मोठ्यांच्या हाती आहे व त्यास एक पैचाही खर्च नाही.