सुटीतील कोडिंग शिबिर : निवड कशी करावी?

उन्हाळी सुटी जवळ आली की कोडिंग शिबिरांच्या जाहिराती घरोघरी पोहोचतात. शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते. ८ वर्षांच्या मुलास थेट ‘पायथन’ शिकविल्यास टंकलेखनातील एका चुकीने आज्ञावली अडते आणि मूल हिरमुसते. एमआयटीने २००७ साली सर्वांसाठी खुले केलेले ‘स्क्रॅच’ मुख्यतः ८ ते १६ वयोगटासाठी आहे. त्यात रंगीत ठोकळे जोडून आज्ञा रचता येतात. ते विनामूल्य असल्याने प्रथम आठवडाभर घरीच करून पाहावे. मूल रमले, तर शिबिर निवडावे. एका शिक्षकामागे मुले किती आणि अखेरीस मूल स्वतः काय तयार करणार, हे अवश्य विचारावे. प्रमाणपत्रापेक्षा त्याने रचलेला छोटासा खेळ अधिक मोलाचा. मूल रमले नाही, तर शेजाऱ्यांच्या मुलांकडे पाहून त्याची सुटी हिरावून घेऊ नये.