प्लॅस्टिक आणि गळ्यांतील ग्रंथि



चंद्रपूर आणि गडचिरोली हे आपले दोन्ही जिल्हे वनांचे. येथें पंगत पळसाच्या पत्रावळीवर बसे आणि रानांत जाणारा मनुष्य पाणी तुंब्यांतून नेई. आज हीं कामें बहुतांशीं प्लॅस्टिककडे गेलीं आहेत. तें हलकें व स्वस्त खरें. परंतु त्यांतील कांहीं द्रव्यांचा आपल्या गळ्यांतील एका ग्रंथीशीं काय संबंध पोहोचतो, तें आज पाहूं.

ही ग्रंथि फुलपाखराच्या आकाराची असून श्वासनलिकेला बिलगलेली असते. तिला अवटु ग्रंथि, किंवा व्यवहारांत थायरॉइड, म्हणतात. अन्नांतील आयोडिन घेऊन ती टी-४ व टी-३ हीं दोन संप्रेरकें घडविते. संप्रेरक म्हणजे रक्तामार्फत धाडलेला निरोप. शरीराची ऊब, हृदयाची गति, मुलांची वाढ, हीं सर्व त्या निरोपावर चालतात.

आतां प्लॅस्टिककडे वळूं. पॉलिकार्बोनेट नांवाचें कठीण, पारदर्शक प्लॅस्टिक बिस्फेनॉल-ए या रसायनापासून बनतें. पाण्याचे कांहीं मोठे जार त्याचेच असतात. मऊ प्लॅस्टिकांत लवचिकपणासाठीं थॅलेट जातीचीं द्रव्यें मिसळतात. तीं प्लॅस्टिकशीं पक्कीं जोडलेलीं नसतात. म्हणून उष्ण वा तेलकट पदार्थांत हळूहळू उतरतात. बिस्फेनॉलची रचना अवटु-संप्रेरकाशीं थोडी जुळते. चुकीची किल्ली कुलुपांत शिरावी, पण फिरूं नये, आणि खऱ्या किल्लीची वाट मात्र अडावी, तसा हा प्रकार. २००२ सालीं जपानी संशोधकांनीं प्रयोगशाळेंतील पेशींवर तो दाखविला. थॅलेटांचें प्रमाण अधिक असलेल्या कित्येक माणसांत टी-४ कमी आढळलें आहे. सर्व पाहण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहींत. म्हणून प्रत्येक थायरॉइड-विकाराचें खापर प्लॅस्टिकवर फोडणें शास्त्राला धरून होणार नाहीं.

मग सावधगिरी कोणासाठीं? मुख्यतः गर्भवतीसाठीं. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथि काम करूं लागलेली नसते. त्याच्या मेंदूची घडण मातेच्या संप्रेरकावर अवलंबून असते. मातेच्या आहारांत आयोडिन कमी असेल, तर हा भार अधिकच जाणवण्याचा संभव. म्हणूनच २०११ सालीं युरोपांत दुधाच्या बाटल्यांतून बिस्फेनॉल-ए हद्दपार झालें व भारतीय मानकानेंही २०१५ सालीं तेंच केलें. २०२३ सालीं युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें त्याची रोजची सह्य मर्यादा आपल्या पूर्वीच्या मर्यादेच्या वीस हजारांश केली.

आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि त्याच वैशाख-ज्येष्ठांत तेंदूपानांचा हंगाम असतो. दिवसभर उन्हांत तापलेली बाटली, पातळ पिशवींतून आणलेला कढत चहा, गरम भाजीचा प्लॅस्टिकचा डबा, हे प्रसंग टाळण्याजोगे आहेत. पाण्याच्या साध्या पातळ बाटलींत बिस्फेनॉल घालीत नाहींत, तरी तीही तापूं देऊं नये. ‘बिस्फेनॉल-ए-मुक्त’ या शब्दांवरही विसंबूं नये. त्याच्या जागीं पुष्कळदां त्याचेंच भावंड बिस्फेनॉल-एस घातलेलें असतें.

उपाय आपल्या घरींच आहेत. कढत पदार्थाला पितळेचें कल्हई केलेलें किंवा पोलादाचें भांडें, पाण्याला माठ, पंगतीला पळसाचें पान. मीठ आयोडिनयुक्त असावें व तें झांकून ठेवावें. चूल पेटविण्यास प्लॅस्टिक वापरूं नये. गळ्याला सूज, सततचा थकवा, थंडी न सोसणें, अशीं लक्षणें दिसल्यास रक्ताची तपासणी करून घ्यावी; चालू असलेलें औषध मात्र वैद्यकीय सल्ल्यावांचून थांबवूं नये. घरांत गर्भवती असेल, तर हा फेरफार तिच्या ताटापासून आजच सुरू व्हावा.