प्राधान्य-तारखेचा हिशेब

अमेरिकेत नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळवू पाहणाऱ्या भारतीय कुटुंबांचे लक्ष दरमहा व्हिसा बुलेटिनकडे लागलेले असते. त्यातील तारीख महिनाभर पुढे सरकली की प्रतीक्षाही महिन्याने घटली, असा हिशेब घरोघरी मांडला जातो. तो फसवा आहे. रांग कोठवर आली एवढेच ती तारीख सांगते. पुढे किती अर्ज साचले आहेत, हे सांगत नाही. प्रसंगी ती मागेही जाते.

वर्षाला सुमारे १,४०,००० परवाने. पती-पत्नी व मुलेही त्याच संख्येत. एका देशाचा वाटा साधारणतः सात टक्के, आणि देश जन्माचा धरतात, नागरिकत्वाचा नव्हे. त्यामुळे जोडीदार अन्य देशात जन्मलेला असल्यास त्या देशाची रांग धरता येते.

आय-१४० अर्ज मंजूर झाला की एच-१बी सहा वर्षांपुढेही वाढत राहतो, नोकरी बदलली तरी पहिली तारीख सहसा टिकते. मंजुरीपत्राची प्रत मात्र जपावी.

खरी कसोटी मुलांच्या वयाची. भारतात जन्मलेले मूल २१ वर्षांचे होताच पालकांच्या अर्जातून बाहेर पडते. २००२ च्या कायद्याने आय-१४० प्रलंबित राहिल्याचे दिवस वयातून वजा होतात. पण जादा शुल्क भरून अर्ज झटपट मंजूर करून घेतला, तर वजावटही तेवढीच तोकडी! मूल बारा वर्षांचे असेल, तर त्या घराची मुदत जेमतेम नऊ वर्षांची. पुढील शिक्षण कोठे, विद्यार्थी-व्हिसावर की भारतात, आणि गावच्या पेढीत त्याची जागा राखायची का, हे तेव्हाच ठरवावे लागते.