प्राणवायूची खूण

विरळ हवेत गेलं की मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त बनवू लागतात आणि तांबड्या पेशी वाढतात, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. पण प्राणवायू घटल्याचं पेशीला कळतं कसं?

बाल्टिमोरमध्ये ग्रेग सेमेंझा आणि ऑक्सफर्डमध्ये पीटर रॅटक्लिफ या संप्रेरकाच्या जनुकामागे लागले होते. दोघांनाही एकच चकित करणारी गोष्ट आढळली. हे संप्रेरक कधीच न बनवणाऱ्या पेशींनाही प्राणवायूची चणचण कळत होती! रॅटक्लिफ यांचा शोधनिबंध १९९२ मध्ये 'नेचर'ने साभार परत केला. काम थांबलं नाही. १९९५ मध्ये सेमेंझा यांच्या प्रयोगशाळेने जनुक चालू करणारं प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. त्याचं नाव हिफ.

कोडं मात्र आणखी गहिरं झालं. पेशी हिफ सतत बनवते आणि प्राणवायू भरपूर असेल तर काही मिनिटांत मोडूनही टाकते. मोडायचं की ठेवायचं, हे ठरवतं कोण?

धागा गवसला तो एका दुर्मीळ आनुवंशिक कर्करोगात. व्हीएचएल जनुक बिघडलेल्या रुग्णांच्या गाठी रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या असतात. काहींच्या रक्तात तांबड्या पेशी नको तितक्या वाढतात. प्राणवायू मिळत असूनही गाठीतल्या पेशी गुदमरल्यासारख्या वागतात, हे बॉस्टनच्या विल्यम केलिन यांनी हेरलं. १९९९ मध्ये रॅटक्लिफ यांच्या गटाने दाखवलं, की व्हीएचएल प्रथिनच हिफला पकडून नष्ट व्हायला धाडतं. पण पेशींतलं लोह काढून घेतलं, की भरपूर प्राणवायूतही ही पकड सुटायची. म्हणजे मध्ये कुणी तरी तिसरा होता, आणि त्याला लोह लागत होतं.

२००१ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात केलिन आणि रॅटक्लिफ या दोघांच्या गटांनी उत्तर छापलं. लोहावर चालणारं एक विकर प्राणवायूचा अणू हिफमधल्या प्रोलिन या अमिनो आम्लावर बसवतं. व्हीएचएल हीच खूण ओळखतं. प्राणवायू घटला की खूण उमटत नाही, हिफ वाचतं आणि तांबड्या पेशी व रक्तवाहिन्या वाढवणारी जनुकं कामाला लागतात. प्राणवायूची वर्दी प्राणवायूच देत होता!

तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. २०२१ मध्ये अमेरिकेत बेल्झुटिफॅन या औषधाला मान्यता मिळाली. हिफलाच रोखणारं हे औषध व्हीएचएलच्या रुग्णांसाठी आहे. मोजक्या लोकांच्या आजारावर एवढे कष्ट कशाला, असं विचारणाऱ्यांना याहून चोख उत्तर नाही. त्या मोजक्यांनी सगळ्यांच्या पेशींचं गुपित उघडलं आणि त्याचं फळ त्यांच्याही वाट्याला आलं.